एकाने कमी

१

मी भांडकुदळ आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी "राही जरा चढवून सांगते" असं म्हणायला नको. चढवून सांगणं हा माझ्या धाकट्या भावाचा, रघूचा प्रांत. मी भांडते, पण आकडा कधी इकडचा तिकडे करत नाही. या एका गुणामुळे मला नोकरी होती आणि याच गुणामुळे पुढचं सगळं अंगावर आलं.

एकोणनव्वद सालचा मे महिना होता. रत्नागिरीला बंदराजवळ, बर्फाच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर काशीरामभाऊंचं ऑफिस होतं. दोन खोल्या, एक संगणक आणि कामाला आम्ही दोघं भावंडं. मी मुंबईत एका कंपनीत हे काम शिकून घरी परतले होते. रघू फ्लॉप्या घेऊन गावोगाव जायचा आणि तिथल्या मशीनवर प्रोग्रॅम चढवून यायचा. भाऊ रोज सकाळी संगणकावर जास्वंदीचं फूल ठेवून उदबत्ती ओवाळायचे. राख कीबोर्डात पडते म्हणून मी रोज कटकट करायचे आणि ते रोज ओवाळायचे. खालच्या बर्फयंत्राची घरघर फरशीतून पायांत चढत राहायची. दुसऱ्या महिन्यानंतर ती ऐकू येईनाशी झाली होती.

आमचा प्रोग्रॅम मच्छीमार सोसायट्यांसाठी होता. कोणती होडी गेली, तिच्यात कोण होतं, कोण परत आलं. संध्याकाळी सोसायटीच्या माणसाने एक बटण दाबायचं. कुणी यायचं राहिलं असेल तर त्याचं नाव पडद्यावर येणार आणि शोधायला दुसरी होडी निघणार. आमचे बाबा समुद्रावरून परत आले नाहीत, हे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. जो तो समजत होता की ते दुसऱ्या कुणाच्या होडीतून आले असतील. त्यामुळे हा प्रोग्रॅम मी पगारापुरता लिहिला नव्हता.

आता कामाची रीत सांगते, ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रोग्रॅम म्हणजे बऱ्याच फायली. त्या फ्लॉप्यांवर भरल्या की मी प्रत्येक फाईलची बेरीज काढायचे. मशीन फाईलमधलं पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक अक्षर घेतं आणि त्या सगळ्यांची मिळून एक संख्या देतं. एक स्वल्पविराम जरी हलला तरी संख्या बदलते. हे आकडे मी फ्लॉपीवरच्या एका शेल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे मशीनने ओळीने पाळायच्या आज्ञांच्या फाईलमध्ये, लिहून ठेवत असे. दुसऱ्या गावच्या मशीनवर फ्लॉपी घातली की ती स्क्रिप्ट आधी सगळ्या बेरजा नव्याने करायची, माझ्या आकड्यांशी ताडायची आणि एक जरी चुकला तरी तिथेच थांबायची. मूळ संच एकच होता. तो गावाला जायचा, परत यायचा, आणि आल्यावर मी पुन्हा तपासायचे. एवढं कशाला, असं भाऊ नेहमी म्हणायचे.

रघू राजापूरकडच्या नाटे गावाहून परत आला, आणि संचातली एक फाईल जुळली नाही. तिचं नाव 'परत'. कोण आलं आणि कोण राहिलं हे ठरवणारी फाईल तीच. माझा आकडा होता चाळीस हजार सातशे तेरा. मशीन म्हणत होतं, चाळीस हजार सातशे बारा.

२

कारणं हवी तेवढी होती. मे महिन्याचा दमटपणा, राजापूरपर्यंतचे खड्डे, कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरजवळ ठेवलेली पिशवी, दिवसातून चारदा खालीवर होणारी वीज. फ्लॉपीचं एखादं अक्षर गेलं असणार. कुठलं गेलं ते बघू, म्हणून माझ्या मशीनवरची जुनी फाईल आणि परत आलेली फाईल मी अक्षरागणिक ताडायला लावली. त्या आज्ञेची एक खोड आहे. फरक सापडला तर ती सांगते, फरक नसला तर काहीच बोलत नाही.

ती काहीच बोलली नाही. मी परत लावली. पडदा गप्प.

म्हणजे दोन्ही फायली अगदी सारख्या होत्या आणि त्यांच्या बेरजा वेगळ्या होत्या. असं होत नाही. दोन आणि दोन रत्नागिरीत चार आणि नाट्यात साडेतीन असं होत नाही. मी दोन्हींचे कागद छापले, एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. अक्षरावर अक्षर बसत होतं. मग मी चिडले आणि ती अख्खी फाईल छापील कागदावरून पुन्हा हाताने टाईप केली. हाताने केलेलीची बेरीज माझ्या आकड्याशी जुळली. नाट्याहून आलेलीची कितीही नक्कल काढली तरी ती एकाने कमीच राहायची.

शेवटी ती चालवूनच पाहिली. एक खोटी होडी घातली, तिच्यात सात माणसं घातली आणि सहा परत आली असं भरलं. माझ्या फाईलने सातव्याचं नाव दाखवलं. नाट्याहून आलेलीने लिहिलं, सगळे परत.

काशीरामभाऊंना बोलावून दाखवलं. भाऊ मनाने वाईट नव्हते, पण नारळी पौर्णिमेच्या आत साऱ्या किनाऱ्याला संच देण्याचा शब्द ते देऊन बसले होते. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पडदा वाचला आणि म्हणाले, की मशीन सगळे परत म्हणतंय यात वाईट काय आहे, जरा शुभ बोलत जा. मी म्हटलं, सातवा माणूस पाण्यात आहे. ते म्हणाले, तो सातवा तूच तर घातलास. मग त्यांनी सोपा उपाय सांगितला. फाईल तीच आहे ना? अक्षर ना अक्षर तीच? मग स्क्रिप्टमधला आकडा बदल. तेराचं बारा कर. सुंठीवाचून खोकला जाईल.

"नाही करणार," मी म्हटलं.

"आणि कशावरून तुझाच आकडा खरा? जुळत नाही एवढंच मशीन सांगतंय. दोघांतलं चुकीचं कोण, ते कुठे सांगतंय?"

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला आणि चहा सांगायला खाली गेले. मी रागारागाने दोन्ही फायली पुन्हा एकदा ताडायला लावल्या.

३

घरी आई खूश होती. आमची आई, ठमाबाई, बंदरावर मासळी विकते. तिला खूश बघायला नशीब लागतं. कारण असं की रघू सुधारला होता. नाट्याहून आल्यापासून ताटात पडेल ते खात होता, उलट बोलत नव्हता, विहिरीचं पाणी न सांगता भरत होता. आमच्या घरात जेवणं भांडणावर चालायची. मी म्हणायचे आमटी खारट आहे, तो म्हणायचा तुझी जीभच खारट आहे. आता मी म्हटलं आमटी खारट आहे, तर तो म्हणाला, "होय बाय." मला तो बाय म्हणतो, आमच्यात मोठ्या बहिणीला म्हणतात तसं.

मी मुद्दाम आमटी आळणी केली आणि खारट आहे म्हटलं. "होय बाय."

नाट्याचं विचारलं की एकच सांगायचा. "काय नाय गो. खोली बरी व्हती. काम झालं." दुसऱ्या दिवशी विचारलं तरी तेच, मध्ये थांबण्याची जागा तीच, 'गो' वरचा हेल तोच. मी त्याला आडून आडून बरंच विचारलं. हनुवटीवरची खूण कशाची, बाबांच्या होडीला रंग कुठला होता, मी मुंबईहून पहिल्यांदा आले तेव्हा स्टँडवर तो काय बोलला होता. सगळी उत्तरं बरोबर. एकही चूक नाही.  खऱ्या रघूने मध्येच म्हटलं असतं, परीक्षा घेतेस काय गो, आणि उठून गेला असता.

मी स्वतःला समजावलं. दिवसभर बेरजा करून माझं डोकं फिरलंय. माणूस आजारातून उठला की शांत होतो, परगावी जाऊन आला की शांत होतो. धाकटा भाऊ ऐकायला लागला तर बाकीच्या बहिणी सत्यनारायण घालतात.

रविवारी दुपारी आई बाजारात होती. मी मागच्या पडवीत तांदूळ निवडत होते आणि रघू आतल्या खोलीत पडला होता. आतून आवाज येत होता. मला वाटलं झोपेत बरळतोय. मग नीट ऐकलं. तो "बाय" म्हणत होता. जरा थांबून पुन्हा "बाय," थोडं वर. मग खाली. मग हाक मारल्यासारखं, मग रुसल्यासारखं. जुडग्यातली एकेक किल्ली कुलपाला लावून पाहावी, तसं चाललं होतं. मी सूप खाली ठेवलं, तेव्हा आवाज थांबला. मी आत गेले नाही. का गेले नाही, हे मला माहीत होतं आणि मला स्वतःची लाज वाटली.

४

पावसाळ्याच्या आधी होड्या वर ओढतात. नारळाच्या झावळ्या आडव्या टाकायच्या, होडीला जाड रशी बांधायची आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी धरायची. पुढे तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, ओरडतो आणि त्याच्या ओरडण्यावर सगळे एकदम खेचतात. भागोजीकाका आमच्या वाडीचे तांडेल. त्यांचा हात रशीच्या टोकाला असतो आणि ते रशीवरून माणसं ओळखतात. कोण जोर लावतोय, कोण नुसता तोंड वाकडं करतोय, हे त्यांना मागे न बघता कळतं. त्यांच्या समोर कामचुकारपणा केलेल्याला वर्षभर टोमणे बसतात.

होडी आमच्या चुलत्याची होती, म्हणून रघू गेला. आई आणि मी बघायला वाळूवर उभ्या होतो. हीच होडी, हीच माणसं, गेल्या वर्षी तीन हाकांत वर आली होती. या वर्षी हलेना. भागोजीकाकांनी झावळ्या नीट करवल्या, वाळू उकरवली, पुन्हा ओरडले. रशी ताणली गेली, होडी तशीच.

"एक जन कमी हाय," भागोजीकाका म्हणाले.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. रशीवरचा विठू म्हणाला, हाव की सगले. मोजली. सगळे होते. पुन्हा ओढलं आणि पुन्हा काका म्हणाले, कमी हाय, रशी हलकी माज्या हाताला लागताय ना. या खेपेस ते वळून एकेकाकडे बघत गेले. रघूपाशी त्यांची नजर थांबली. रघू रशीला धरून मागे रेलला होता, दंड फुगले होते, मानेची शीर तटतटली होती. काही चुकीचं नव्हतं. काका पुढच्याकडे वळले.

मी मात्र त्याच्या पायांकडे बघत होते. बाकी सगळ्यांच्या टाचा वाळूत रुतून खड्डे पडले होते. रघूच्या पायांखालची वाळू सपाट होती.

होडी त्या दिवशी पाण्याच्या काठावरच राहिली. घरी येताना आई म्हणाली, रघू दमलाय, त्याला जरा दूध द्यायला पाहिजे. मी तिला वाळूचं सांगितलं. तिने मला असं झापलं की रस्त्यावरच्या बायका वळून बघायला लागल्या. बापाला समुद्राने नेलं, आता भावाला तू नजर लाव, असं ती म्हणाली. मी गप्प बसले, आणि मी गप्प बसते तेव्हा समजावं की मी काहीतरी ठरवलंय.

५

दुसऱ्या दिवशी भाऊ ऑफिसात आले ते कपाळाला अंगारा लावूनच. गावदेवीला कौल लावून आले होते. गुरवाने देवीच्या अंगावर पाकळ्या लावल्या, भाऊंनी गाऱ्हाणं घातलं की संच पाठवू का, आणि उजवी पाकळी पडली. देवीने होय म्हटलं. आता आकडा बदल आणि नकला काढायला घे.

मी विचारलं, देवीला नक्की काय विचारलंत? नाट्याहून आलेला संच पाठवू का, की संच पाठवू का? भाऊ गोंधळले. मी म्हटलं, देवीने होय म्हटलंय ना, मग मी हाताने केलेली फाईल पाठवते. ते म्हणाले, अगं, पण ती चालवून कोण बघणार, रघूने ही नाट्याला चालवून दाखवली आहे, तिथून पत्रही आणलंय त्याने की सगळं उत्तम. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी त्यांना बोलले. मालकाला असं बोलू नये हे मला माहीत आहे. ते पाय आपटत खालच्या बर्फाच्या कारखानदाराकडे माझं गाऱ्हाणं सांगायला गेले.

मी नाट्याचा ट्रंक कॉल लावला. तिथल्या सोसायटीत धाकू नावाचा कारकून होता, मी त्याला आवाजाने ओळखत होते. कॉल लागायला अर्धी सकाळ गेली. लागला तेव्हा लाईनवर समुद्राएवढी खरखर होती. मी म्हटलं, धाकूदादा, मी राही, रत्नागिरीहून. रघू तुमच्याकडे आला होता तेव्हा काय झालं, मला सगळं सांगा.

धाकूने मला तेच पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाला, "आला व्हता म्हंजे? रघू हितंच हाय."

मी फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला.

"मशीनच्या खोलीतून भायर येत नाय," धाकू सांगत होता. "जेवन आत नेऊन देतंव. तुमचा आकडा हितं जुळत नाय, म्हनून बसलाय. अन् बाय, तू रोज फोन करून त्याला आकडा बदल सांगतेस, तो काय बदलीत नाय. आता तूच हट सोड की."

मी नाट्याला एकदाही फोन केला नव्हता.

मी घाबरले. खोटं कशाला सांगू, चांगलीच घाबरले. खालून बर्फयंत्राची घरघर येत होती आणि ती त्या दिवशी मला नीट ऐकू येत होती. मग खरखरीच्या मागून, लांबून, खोलीच्या दाराआडून यावा तसा, एक चिडलेला आवाज आला. "परत तीच काय? सांग तिला, मी बदलनार नाय. तिच्या बापाला सांग." आमचा बाप एकच, हे विसरून तो मला बापावरून बोलत होता. मला रडू फुटलं. एवढं उर्मट या जगात दुसरं कुणी नाही.

"धाकूदादा," मी म्हटलं, "त्याला सांगा, बदलू नकोस. राहीने सांगितलंय, मेलास तरी बदलू नकोस. आणि त्याच्याकडचा मूळ आकडा विचारा."

धाकूने आत जाऊन विचारलं. आकडा आला. चार, शून्य, सात, एक, तीन. मी तोंड उघडायच्या आत लाईन गेली, आणि एक्स्चेंजवाली बाई म्हणाली की नाट्याची लाईन सकाळपासून बंदच आहे, तुम्ही कुणाशी बोलताय.

६

फोन ठेवून वळले तर रघू दारात होता. जिन्यावर पाय वाजले नव्हते. तो आत येऊन भाऊंच्या खुर्चीत बसला, गुडघ्यांवर हात ठेवून, पाहुण्यासारखा.

"बाय," तो म्हणाला, "आकडा बदल ना."

हे त्याने फार गोड म्हटलं. इतक्या दिवसांच्या सरावाने ते जमलं होतं. लहानपणी ताप आला की रघू असंच म्हणायचा, बाय, जवळ बस ना. माझा हात नकळत कीबोर्डकडे गेला होता, हे मी कबूल करते. एक आकडा तर होता. फाईल तीच, अक्षर ना अक्षर तीच. माझा भाऊ हनुवटीवरची तीच खूण घेऊन समोर बसलेला, आई घरी खूश. मी एक बटण दाबलं असतं तर सगळं जुळलं असतं.

तेवढ्यात वीज गेली. पडदा काळा झाला, पंखा मंदावत थांबला, आणि खालचं बर्फयंत्रही बंद पडलं. इतक्या महिन्यांत ती खोली पहिल्यांदा खरोखर शांत झाली. त्या शांततेत मला ऐकू आलं. बाय, बाय, बाय. वर, खाली, रुसून, हाक मारून. समोरून येत होतं. त्याचे ओठ मिटलेले होते आणि तो माझ्याकडे बघून हसत होता.

मी उठून उभी राहिले. 

"तोंड घेतलंस," मी म्हटलं. "आवाज घेतलास, खुणा घेतल्यास, आमच्या घरातलं सगळं पाठ केलंस. पण माझा भाऊ माझं ऐकत नाही. तेवढं घ्यायचं राहिलं तुझं. आकडा मी बदलणार नाही. तू बसलास तर मी पण बसते, बघू कोण आधी उठतं."

वीज येईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो. काशीरामभाऊ वर आले, त्यांनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं, आणि दुपारचा चहा त्यांनी खालीच घेतला. मी बेरीज बसवलेला माझा हातचा संच पिशवीत भरला आणि बंदरावर गेले. तो मागून आला.

होडी तिथेच होती. भागोजीकाका माणसं गोळा करत होते. आई टोपली घेऊन सावलीत बसली होती. मी तिला फोनचं सांगितलं. ती म्हणाली, फोनमधी कोन बी बोलतंय, माजं पोर हे समोर हाय. मी पदर खोचला आणि रघूच्या जागेवर जाऊन रशी धरली.

आमच्या वाडीत बायका होडीच्या रशीला हात लावत नाहीत. एकदम गलका झाला. विठू म्हणाला, आता होडी वर्षभर मासळी दाखवणार नाही. मी म्हटलं, काल सगळे बाप्ये धरून उभे होतात, होडीने वाळू तरी दाखवली का? भागोजीकाका माझ्याकडे बघत राहिले. मग ते रघूकडे वळले, तोही रशीकडे यायला निघाला होता. "तू ऱ्हा जरा बाजूला," काका म्हणाले. का म्हणाले ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

ते ओरडले आणि आम्ही खेचलं. रशी तळहातातून सरकली, कातडं निघालं, आणि माझ्या टाचा घोट्यापर्यंत वाळूत गेल्या. होडी कण्हली. दुसऱ्या हाकेला ती झावळ्यांवर चढली आणि तिसऱ्या हाकेला वर आली. भागोजीकाकांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, आता पुरे झाले.

 एरवी होडी वर आली की गूळखोबरं वाटतात, त्या दिवशी कुणी वाटलं नाही. सगळे रघूकडे बघत होते, जो गेले कित्येक दिवस त्यांच्यातच होता. तो वाळूवर उभा होता आणि अजून तसाच हसत होता.

आई उठली. टोपली तिथेच ठेवून ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याच्या हनुवटीला हात लावायला गेली आणि अर्ध्यावर थांबली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. बाजारात वाट चुकलेल्या पोराला विचारावं तसं तिने विचारलं, रागाने नाही, मायेनेच.

"कोनाचा रे तू, बाबा?"

सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्याला येत होती. याचं आलं नाही.

७

पहाटेची नाट्याची गाडी स्टँडवर लागली होती. आईने रघूचा सदरा, थोडी कोकमाची सोलं आणि सुकी सुरमई बांधून घेतली होती. माझ्या पिशवीत संच होता. काशीरामभाऊ निरोप द्यायला आले होते. तू परत आलीस की बोलू, असं म्हणाले. मी म्हटलं, रघूला घेऊन परत आले की आपण तिघं बोलू. त्यांनी मान हलवली आणि आमच्या मागे न बघता निघून गेले.

आमच्या मागे तो होता. रात्रभर ओट्यावर बसून होता आणि आम्ही निघालो तसा निघाला. त्याला कुणी ये म्हटलं नव्हतं, आणि हाकललं तरी तो जाणार नव्हता. मला भीती वाटत होती, ती अजूनही कधी कधी वाटते. पण त्या दिवशी त्या भीतीपेक्षा मला नाट्याच्या खोलीत हट्ट धरून बसलेला माझा भाऊ जास्त दिसत होता.

कंडक्टर चिमटा वाजवत आला.

"किती?"

"दोन नाटे," आई म्हणाली.

कंडक्टरने आमच्या खांद्यांवरून मागे पाहिलं. "तीन हाव ना तुमी?"

आईने मागे पाहिलं नाही. गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, मासळीचा भाव सांगते त्या आवाजात ती म्हणाली, "जाताना दोन. येताना तीन घेव."